परीक्षेच्या आठवड्यात चौदा नंबरची केस : आमचं नाव यादीत कोण घालणार?

निशिगंध | गुरुवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी मेडिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. लिहिलेलं लांबलंय, सांभाळून घ्या.

सोमवारी मेडिसिनचा पहिला पेपर झाला. मंगळवारी पेपर नव्हता, वॉर्ड मात्र होता. उद्या शुक्रवारी प्रॅक्टिकल, एक लाँग केस आणि दोन शॉर्ट केस. त्यामुळे मंगळवारी आमची अख्खी बॅच चांगली फायंडिंग्ज असलेले पेशंट शोधत वॉर्डभर फिरत होती. चौदा नंबरच्या खाटेवरच्या काकांची छाती ऐकण्यासारखी आहे असं कुणीतरी सांगितलं. पन्नाशीचे, डायबेटिस असलेले, न्यूमोनिया म्हणून भरती झालेले. मी त्यांच्यापाशी स्टूल ओढून बसले. पाऊण तास हिस्टरी घेतली, मग तपासलं. उजव्या बाजूला खाली ठोकलं की आवाज बद्द येत होता आणि तिथेच ब्राँकियल ब्रेथिंग, म्हणजे फुफ्फुस घट्ट झालं की येणारा श्वासाचा कर्कश, पोकळ आवाज. इतकं स्पष्ट मी पहिल्यांदाच ऐकलं. मास्क नव्हता. वॉर्डात कुणालाच नव्हता. काका खोकताना तोंड फिरवायचे आणि दर वेळी "माफ कर हं बाळा" म्हणायचे.

एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. खाटेच्या दांडीला त्यांची पँट टांगलेली होती, पट्टा तसाच अडकवलेला. पट्ट्याच्या सगळ्यात घट्ट भोकाच्याही पुढे आणखी एक भोक होतं, खिळ्याने पाडलेलं, कडा फाटलेल्या. मी ते पाहिलं. वजन उतरलंय का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "साखरेमुळे थोडं." वहीत मी तेवढंच लिहिलं.

बुधवारी आमची वार्षिक आरोग्य तपासणी. वजन, बीपी, डोळे, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस बीचा टायटर (लशीने रक्तात किती संरक्षण तयार झालंय त्याचा आकडा) आणि हातावर मांटू, टीबीची लागण झालीय का ते दाखवणारी कातडीची चाचणी. सकाळी ११ वाजता टोचलं. डॉक्टरांनी विचारलं, "टीबीच्या पेशंटशी संपर्क आलाय?" मी मनापासून "नाही" म्हणाले.

आज दुसरा पेपर देऊन वॉर्डात गेले तर चौदा नंबर रिकामा. फरशी पुसणाऱ्या मावशींनी सांगितलं, "त्यांना हलवलं. बेडक्यात टीबी निघाला." सिस्टर, रेसिडेंट, मामा, मावशी अशी सगळ्यांची यादी झालीय, त्यांची तपासणी होणार आहे. आमच्यापैकी एकाचंही नाव त्यात नाही. विचारलं तर म्हणाले, स्टुडंट्सचं कॉलेज बघेल. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, वॉर्डचं वॉर्डात विचारा.

आता मी उद्या प्रॅक्टिकलला बसू का? माझ्यामुळे कुणाला लागण झाली तर? मांटू तर आधीच टोचून झालंय, त्याचा काही उपयोग आहे का? आणि मुख्य म्हणजे हे सांगायचं कुणाला? उद्याच्या परीक्षकांत त्याच वॉर्डचे सर आहेत.

वाटसरू | गुरुवार, रात्री ११.४१

शांत झोप. उद्या परीक्षा दे. टीबीच्या वॉर्डात आम्ही सगळे असेच शिकलो, कुणी यादी केली नाही आणि कुणी मेलंही नाही. आज काही सांगायला जाऊ नकोस, नाहीतर परीक्षेच्या तोंडावर चौकशीत अडकशील. शनिवारी सांग.

चष्मेबहाद्दर | गुरुवार, रात्री ११.४८

मी हिच्याच बॅचचा. वाटसरू सरांना माझं अनुमोदन. मी सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी, दोन्ही दिवस चौदा नंबरला ऐकून आलो. जेमतेम दहा-दहा मिनिटं. मला काही होत नाही, मी यादीबिदीत नाव देणार नाही. निशिगंध, तू झोप आता. आणि माझा ऱ्ह्युमॅटिक फीव्हर कच्चा आहे, निदानाचे मेजर क्रायटेरिया, म्हणजे मुख्य निकष, कुणी सांगेल का?

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११.५९

छातीच्या विभागात रेसिडेंट आहे, आत्ता ड्युटीवरच आहे, म्हणून लगेच लिहिते.

निशिगंध, पहिली गोष्ट, उद्या तू निर्धास्त परीक्षेला जा. तुझ्यापासून उद्या कुणालाही काही होणार नाही. मंगळवारी जंतू श्वासातून आत गेलेच असले, तरी ती झाली लागण. लागण म्हणजे आजार नव्हे. ज्याच्या शरीरात जंतू नुसते दबून बसलेत त्याच्यापासून दुसऱ्याला टीबी होत नाही. दुसऱ्याला होतो तो फुफ्फुसाचा आजार झालेल्या, खोकणाऱ्या माणसापासून. आणि तिथवर कुणी तीन दिवसांत पोचत नाही.

लागण झालेल्या साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो. म्हणूनच यादी करायची असते. यादी म्हणजे घबराट नाही, पुढची दोन वर्षं कुणावर लक्ष ठेवायचं ते कागदावर येणं.

वाटसरू सर, तुमचा मान ठेवून सांगते, कुणी मेलं नाही हे तुम्हाला कसं कळलं? कुणी मोजलंच नव्हतं.

चौदा नंबरबद्दल थोडंसं. डायबेटिस असलेल्यांना टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. आणि त्यांच्यात तो बऱ्याचदा पुस्तकातल्यासारखा वरच्या भागात न दिसता खालच्या भागात दिसतो. म्हणून न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू होतात, चार दिवस थांबतात, उतार पडला नाही की मग बेडका जातो. तुमच्या वॉर्डात नेमकं हेच झालेलं दिसतं. तू पट्ट्याचं भोक पाहिलंस ना, ते फायंडिंग आहे. पुढच्या वेळी केस प्रेझेंट करताना ते बोलून दाखव.

चष्मेबहाद्दर, सांधे, हृदय, कोरिया (हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली), त्वचेखालच्या गाठी, एरिथिमा मार्जिनेटम (कातडीवरचे लाल कडांचे चट्टे). झाले पाच. आता तुझं नाव यादीत दे.

अक्षरवेडा | शुक्रवार, पहाटे ५.३५

मी डॉक्टर नाही, मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून हे धागे वाचतो. मला मुळातच पडलेला प्रश्न असा की परीक्षेच्या आठवड्यात मुलांना वॉर्डात पाठवतातच कशाला? जागरणं, धड जेवण नाही, डोक्यावर ताण, आणि त्यात हे. निदान तो एक आठवडा तरी त्यांना आजाऱ्यांपासून लांब ठेवता येत नाही का?

जुना_स्टेथो | शुक्रवार, सकाळी ६.१०

अक्षरवेडा, तुमची काळजी मला समजते. मी चाळीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं परीक्षक होतो. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

छाती ठोकून निदान करायची रीत लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली. त्यांचे वडील खानावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे ते बाहेरून टिचकी मारून ओळखायचं, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. त्या पोराच्या बोटांत ती ओळख कुठून आली? शेकडो पिंपं ठोकून. बद्द आणि पोकळ यातला फरक पुस्तकात वाचून येत नाही. निशिगंधने मंगळवारी ब्राँकियल ब्रेथिंग ऐकलं, ते ती आता जन्मात विसरणार नाही. वॉर्ड बंद करणं हा उपाय नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगतो. १८१६ साली लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्यांनी टीबीच्या असंख्य छात्या ऐकल्या. १८२६ साली वयाच्या ४५व्या वर्षी ते टीबीनेच गेले. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हता, कॉख यांनी तो दाखवला २४ मार्च १८८२ रोजी. लेनेकना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. माहीत असून मुलांना उघड्या तोंडाने बसवणं हा आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष आहे, माझाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना खूप काही शिकवलं, पण खोकणाऱ्या पेशंटजवळ जाताना मास्क घाला हे एकदाही सांगितलं नाही.

निशिगंध बाळ, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. परीक्षा सुरू व्हायच्या आधी त्या सरांना गाठ आणि दोन वाक्यांत सांग. "मी मंगळवारी चौदा नंबरची हिस्टरी घेतली, आमच्या बॅचची नावं संपर्क यादीत नाहीत." एवढंच. अशा गोष्टीसाठी मार्क कापणारा परीक्षक मी चाळीस वर्षांत पाहिला नाही.

किनारा | शुक्रवार, सकाळी ६.५२

वाटसरू, तुमचं "आम्ही असेच शिकलो" वाचलं आणि राहवलं नाही.

मीही अशीच शिकले. इंटर्नशिपमध्ये एका पेशंटची रात्रभर उशाशी बसून देखभाल केली. तो नंतर पॉझिटिव्ह निघाला, हे मला तीन महिन्यांनी, तेही चुकून, कँटीनमध्ये कळलं. त्यानंतर संध्याकाळचा ताप येऊ लागला. मी म्हटलं, थकवा असेल. मग डाव्या बाजूला श्वास घेताना दुखायला लागलं. म्हटलं, स्नायू आखडलाय. एका रात्री हॉस्टेलच्या खोलीत पालथी पडून स्वतःच्याच पाठीवर मैत्रिणीला ठोकायला सांगितलं. तिने तीन टिचक्या मारल्या आणि हात काढून घेतला. काही बोललीच नाही. खालपर्यंत आवाज दगडासारखा येत होता. प्लुरात, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात, पाणी झालं होतं.

सहा महिने औषधं घेतली, बरी झाले, आज उत्तम आहे. पण एक वर्ष गेलं. त्या वर्षाचं दुःख मला टीबीचं नाही, त्या तीन महिन्यांचं आहे. माझं नाव एका कागदावर असतं तर कुणीतरी मला बोलावलं असतं.

निशिगंध, आज सांग. शनिवारी नको.

मोरपीस | शुक्रवार, सकाळी ७.२०

मायक्रोबायॉलॉजीतून. मांटूचं एवढं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बुधवारी टोचलं गेलं हे खरं तर फार बरं झालं. लागण झाल्यावर शरीराने ती ओळखून कातडीवर दाखवायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे तुझं आत्ताचं वाचन मंगळवारबद्दल काहीच सांगणार नाही, ते मंगळवारच्या आधीची तू कशी होतीस ते सांगेल. तोच पाया धरायचा. मग आठ ते दहा आठवड्यांनी पुन्हा करायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे. फरक दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर नवी लागण धरतात.

वाचायची वेळ टोचल्यापासून ४८ ते ७२ तास. बुधवारी ११ म्हणजे आज ११ ते उद्या ११. परीक्षा झाल्यावर दुपारी जा, पण जा. उशीर झाला तर वाचन फुकट जातं. आणि वाचणाऱ्याने लाली मोजली तर तिथल्या तिथे हटक. लाली नाही, टणक फुगवटा मोजायचा, हाताच्या आडव्या रेषेत. बॉलपेन एका बाजूने हळू सरकवत आणायचं, जिथे अडखळेल तिथे खूण, मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन खुणांमधलं अंतर. तोवर खाजवू नकोस.

लहानपणीच्या बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, परिणाम वाचनावर थोडाफार राहू शकतो, म्हणून एका आकड्याकडे बघून घाबरायचं नाही. दोन आकडे हवेत.

शेवटचा_बाक | शुक्रवार, सकाळी ७.३३

विषयाला थोडा फाटा फुटतोय, पण आरोग्य तपासणी निघालीच आहे तर. हिपॅटायटिस बीचा टायटर किती आला ते सगळ्यांनी विचारून घ्या. आमच्याकडे रिपोर्ट फाइलला लागतो आणि ज्याचा त्याला कळतच नाही. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी टायटर १० किंवा वर हवा. माझा ३ होता आणि मला ते दीड वर्षाने कळलं, सुई टोचल्यावर. रक्त काढताना पेशंटने हात ओढला, माझ्या अंगठ्यात गेली. मी काय केलं तर अंगठा पिळत बसलो. ते चूक. साबण-पाण्याने नुसतं धुवायचं, पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, २८ दिवस चालतात.

सुदैवाने पेशंट सगळ्या बाबतीत निगेटिव्ह होता. पण ते रिपोर्ट येईपर्यंतचे चार तास मी जिन्यावर बसून काढले.

जुना_स्टेथो | शुक्रवार, सकाळी ७.५०

शेवटचा_बाक, १८४७ साली व्हिएन्नात कोलेत्श्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन शिकवत होते. विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि त्यातून झालेल्या संसर्गाने ते गेले. त्यांचे मित्र, बाळंतिणींच्या वॉर्डातले डॉक्टर सेमेलवाइस यांनी कोलेत्श्कांच्याच शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. त्यांच्या ध्यानात आलं की बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात दिसतं तेच इथेही आहे. तिथून हात धुण्याचा आग्रह सुरू झाला. एका जखमेची कुणीतरी नीट नोंद घेतली म्हणून. तुमचा अंगठा हा काही विषयाला फाटा नव्हे.

खिडकीपाशी | शुक्रवार, सकाळी ८.१५

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. मी परीक्षेची केस होते. माझ्या हृदयात एक आवाज आहे, तो विद्यार्थ्यांना फार आवडतो म्हणे. एका दिवसात सहा जणांनी ऐकला. एक मुलगा स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर चोळून गरम करायचा, त्याचा चेहरा अजून आठवतो.

मला सांगायचंय ते मास्कबद्दल. आपण मास्क लावला तर पेशंटला वाईट वाटेल, त्याला आपण लांब ढकलतोय असं वाटेल, अशी मुलांना धास्ती असते. आधी सांगून लावलात तर नाही वाटत. माझ्याकडे आलेली एक मुलगी म्हणाली, "आजी, मला सर्दी आहे, तुम्हाला व्हायला नको म्हणून तोंड झाकलंय." मला किती बरं वाटलं. चौदा नंबरचे ते गृहस्थ दर खोकल्याला माफी मागत होते. त्यांना कुणी एक मास्क दिला असता तर त्यांनाही हायसं वाटलं असतं.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ८.२२

आजी, लाख बोललात. खोकणाऱ्या पेशंटला साधा मास्क, त्याच्याजवळ जाणाऱ्याला एन९५. या दोन मास्कांची कामं वेगळी. पेशंटचा मास्क तोंडातून उडणारे थेंब जागीच अडवतो. एन९५ बारीक कण गाळतो, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. टीबीचे कण इतके हलके असतात की बंद खोलीत काही तास तरंगत राहतात. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, समोरासमोरच्या असल्या तर उत्तमच.

ड्युटी संपली. निशिगंध, परीक्षेला शुभेच्छा.

पांढरी_टोपी | शुक्रवार, सकाळी ९.०५

बावीस वर्षं सिस्टर आहे. याद्या मीच करते, म्हणून आमच्याकडून चूक कुठे होते ते मी सांगू शकते.

यादी ड्युटी रजिस्टरवरून बनते. सोमवारपासून गुरुवारपर्यंत कोण पाळीला होतं, त्यांची नावं उतरवायची. विद्यार्थी ड्युटी रजिस्टरमध्ये नसतात. त्यांची हजेरी कॉलेजच्या वहीत असते, आणि त्या वहीत ते वॉर्डात होते एवढंच असतं, कुठल्या खाटेशी होते ते नसतं. कुणी मुद्दाम वगळत नाही गं बाळा, तुम्ही आमच्या कागदावर उमटतच नाही.

आणि यात एक भयंकर गोष्ट आहे, ती मला काल हा धागा वाचताना पहिल्यांदा उमगली. ज्या पेशंटची छाती जास्त बिघडलेली, त्याच्याच भोवती परीक्षेच्या आठवड्यात जास्त मुलं. माझी सिस्टर त्या खाटेशी दिवसात मिळून वीस मिनिटं असते. तू एका बैठकीत त्याच्या दुपटीहून जास्त होतीस.

तर काय करायचं. एका कोऱ्या कागदावर तुम्ही स्वतः लिहा. नाव, रोल नंबर, कुठल्या तारखेला, किती मिनिटं, किती जवळ, मास्क होता की नव्हता. सगळ्या बॅचचं एकाच कागदावर. दोन प्रती. एक वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात द्या, दुसरीवर तिची सही घेऊन जवळ ठेवा. ती नाही म्हणणार नाही. तिला विनंती नको करू, कागद दे.

चष्मेबहाद्दर, तुझी दोन दिवसांची मिळून वीस मिनिटं आणि तीही छातीवर कान ठेवून. तुझं नाव सगळ्यात वर हवं.

वाटसरू | शुक्रवार, दुपारी १.३०

किनारा, तुमची गोष्ट दोनदा वाचली. रात्री मी जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या बॅचच्या एकाला दुसऱ्या वर्षी टीबी झाला होता, तो गावी निघून गेला आणि वर्षभराने परत आला. आम्ही म्हणायचो, त्याची प्रकृतीच नाजूक. इतक्या वर्षांत कधी असा विचार केला नव्हता की त्याला तो कुठून झाला असेल.

निशिगंध | शुक्रवार, रात्री ८.४५

सगळ्यांना एकदम लिहिते.

सकाळी साडेआठला सरांना गाठलं. जुना_स्टेथो काकांची दोन वाक्यं पाठ करून गेले होते. सर थांबले आणि म्हणाले, "किती जण?" मी म्हटलं, अकरा. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी तिथेच उभं राहून वॉर्डात फोन केला आणि मग मला म्हणाले, "आता ते डोक्यातून काढ आणि केस बघ."

लाँग केस मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याची, आली. पेशंटला आधी विचारून मग हात लावला आणि चकती तळहातावर चोळून गरम केली. (खिडकीपाशी आजी, तुमची आठवण आली.) मर्मर (हृदयातला जादा आवाज) सापडला. एक प्रश्न चुकला, बाकी ठीक.

साडेतीनला मांटू वाचून घेतलं. वाचणाऱ्या ताईंनी स्वतःहून बॉलपेन काढलं, मला काही सांगावं लागलं नाही. चार मिलिमीटर.

मग आम्ही कँटीनमध्ये बसून कागद लिहिला. दहा नावं झाली. अकरावा तयार नव्हता. मी त्याच्यापुढे किनाराताईंची पोस्ट धरली, तो वाचत राहिला आणि मग न बोलता पेन घेतलं. इन्चार्ज सिस्टरांनी कागद वाचला, यादी काढली आणि अकरा नावं खाली हाताने लिहिली. माझ्या नावापुढे "४५ मि." लिहिताना त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

काकांना भेटायला जायचंय. जाऊ का?

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ९.३०

जा. एन९५ लाव, घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोड, कडेने हवा लागली तर पुन्हा बसव. खिडकीच्या बाजूला उभी राहा. आणि काय झालंय ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलंय का ते बघ. बहुतेक नसेल.

निशिगंध | शनिवार, संध्याकाळी ६.१०

जाऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं वेगळ्या खोलीत ठेवलंय म्हणजे आता काही खरं नाही. मी सांगितलं की औषधं आहेत, निदान सहा महिने घ्यावी लागतील, आणि मध्ये बरं वाटलं तरी सोडायची नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "तुला तर नाही ना दिला मी?" मी म्हटलं, काका, ते मला आठ आठवड्यांनी कळेल, आणि तुम्ही नाही दिलात, खोलीच्या बंद खिडक्यांनी दिला असेल तर दिला. ते खिडकीकडे बघत राहिले. घरी बायको आणि दोन मुलं आहेत. त्यांच्या तपासणीचं मी रेसिडेंट सरांना सांगून आले.

चष्मेबहाद्दर | नऊ आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०.०५

धागा वर काढतोय.

आमच्या अकरा जणांचं दुसरं मांटू झालं. निशिगंध चारची चारच. नऊ जणांत काही फरक नाही. माझं पहिलं तीन होतं, दुसरं सोळा.

एक्स-रे स्वच्छ आहे, ताप नाही, खोकला नाही, वजन जागच्या जागी. म्हणजे लागण आहे, आजार नाही. प्रतिबंधक औषध सुरू झालंय, आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. पहिल्या डोसनंतर लघवी केशरी झाली. आधी सांगितलेलं असूनही मी घाबरून रात्रपाळी ताईंना मेसेज केला. त्यांनी एका मिनिटात उत्तर दिलं की औषध पोटात गेल्याची ती खूण आहे.

पांढरी_टोपी सिस्टर, मी नाव देणार नव्हतो. तुम्ही ते सगळ्यात वर लिहायला सांगितलंत.

पांढरी_टोपी | मंगळवार, रात्री १०.४०

बारा डोस पूर्ण कर रे राजा. प्रत्येक डोसचा वार भिंतीवर लिहून ठेव. कावीळ, उलट्या, भूक जाणं, यातलं काही झालं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी दाखव.

आमच्या वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी केसपेपरला एक कागद लावायला सुरुवात केलीय. हिस्टरी घ्यायला जो बसेल त्याने नाव आणि वेळ टाकायची. पहिल्या आठवड्यात मुलं विसरायची. आता पेशंटच आठवण करतात.

किनारा | मंगळवार, रात्री ११.१२

चष्मेबहाद्दर, बारा डोस झाले की इथे येऊन सांग. मी वाट बघेन.

नवी_पालवी | बुधवार, सकाळी ७.१५

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मेडिसिनची पोस्टिंग सोमवारपासून आहे, त्याच आठवड्यात टर्मची परीक्षा. सिस्टर, तो खाटेच्या पायथ्याचा कागद कसा आखलाय ते सांगाल का? मी आमच्या वॉर्डात दाखवेन.

पांढरी_टोपी | बुधवार, सकाळी ७.५८

सोपा आहे. पाच रकाने. तारीख, नाव, रोल नंबर, बसले किती वाजता आणि उठले किती वाजता, मास्क. वर खाटेचा नंबर आणि पेशंट भरती झाल्याची तारीख. पेशंट घरी गेला तरी कागद फाडायचा नाही, फाइलला राहू द्यायचा. कल्चरचा (बेडक्यातले जंतू वाढवून बघतात त्याचा) रिपोर्ट यायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर पेशंट कधीच गेलेला असतो. आणि पेन दोरीने बांधून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी जाईल.